गंडीपेटच्या पाण्याचे ऋण

ज्याने एकदा गंडीपेटचे पाणी प्यायले तो हैदराबाद सोडून जात नाही, अशी या शहरातली जुनी म्हण आहे. आमच्या मराठी घरांतून ती थोड्या कौतुकाने आणि थोड्या थट्टेने सांगितली जाते. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबादेकडून कोणी वकिलीसाठी, कोणी सरकारी चाकरीसाठी, तर कोणी मुलांच्या शिक्षणासाठी दोन-चार वर्षांच्या बोलीने येथे आले आणि त्यांच्या तीन-चार पिढ्या येथेच नांदल्या. त्याचा सारा दोष आम्ही गंडीपेटच्या माथी मारून मोकळे झालो. मात्र हे पाणी येते कोठून, त्याच्या वाटेवर कोणाची शेते लागतात, आणि ते पिण्याजोगे राहावे म्हणून कोणी काय सोसले, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती. गंडीपेट म्हणजे वनभोजनाची जागा, एवढीच आमची ओळख. पावसाळा संपता संपता एका रविवारी आम्ही काहीजण पाण्याची ही वाट उलटी चालून पाहावी, म्हणजे नळापासून उगमाकडे जावे, असे ठरवून निघालो. त्या प्रवासाचा हा वृत्तान्त.

आरंभ अर्थातच सुलतान बाजारातून. एके काळी हा भाग इंग्रज रेसिडेन्सीच्या अधिकारात होता आणि त्याला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ साली तो निजाम सरकारकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी आणि मराठी ग्रंथसंग्रहालय याच परिसरातले, त्यामुळे हैदराबादच्या मराठी माणसाचे अर्धे आयुष्य या गल्ल्यांत जाते म्हटले तरी चालेल. आता साड्यांच्या दुकानांच्या डोक्यावरून मेट्रो धावते आणि तिच्या एका स्थानकाला सुलतान बाजारचेच नाव आहे. येथून मुसी नदी फार तर पाव तासाच्या पायवाटेवर आहे. आज तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि ही कधी काळी पिण्याच्या पाण्याची नदी होती हे मुलांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी याच नदीने शहर बुडवले. सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानतात. पुराना पूल तेवढा टिकला, बाकीचे वाहून गेले. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ते झाड लोक आजही दाखवतात. पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेला आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणाऱ्या दारांची जोड देणारा हा अभियंता मराठी वाचकांना परका नाही. त्यांनी शहरातल्या पुराचे कारण शहरात न शोधता नदीच्या वरच्या अंगाला शोधले. तेथे त्यांना एका चौरस मैलास जवळजवळ एक या प्रमाणात ७८८ तलाव आढळले, आणि त्यांपैकी २२१ त्या पावसात फुटले होते.

हे तलाव शेतकऱ्यांचे होते. काकतीयांच्या काळापासून तेलंगणात गावागणिक तलाव बांधण्याची रीत आहे. वरचा तलाव भरला की सांडवा खालच्या तलावात जातो आणि अशी माळ नदीपर्यंत येते. माळेतला वरचा मणी तुटला की खालचे तुटत जातात. आमच्या प्रवासात ज्या गोष्टीचा प्रत्यय पुन्हा पुन्हा आला ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पाहणीत आलेली होती. शहराचे पाणी चांगले की वाईट, हे शहराबाहेरच्या शेतात ठरते.

विश्वेश्वरय्यांच्या सूचनेवरून मुसीवर उस्मानसागर बांधला गेला व तो १९२० साली पुरा झाला. गंडीपेट गावाजवळचा म्हणून लोकांनी त्यालाच गंडीपेट म्हटले. तिची जोडनदी ईसी हिच्यावर १९२७ साली हिमायतसागर झाला. पूर अडवावा आणि त्याच पाण्याने शहराची तहान भागवावी असा दुहेरी हेतू होता. आम्ही लंगर हौजच्या पुढे बापू घाटाजवळ क्षणभर थांबलो. या दोन्ही नद्यांचा संगम येथे आहे आणि १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन येथे झाले होते. तेथून पुढे गंडीपेटच्या बंधाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चढले नव्हते. पाणी काठोकाठ होते, वारा सुटला होता, आणि लाटा दगडी बांधावर आपटून परत जात होत्या. हे पाणी आसिफनगरच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत निव्वळ उताराने जाते, त्याला पंप लागत नाही. कृष्णेचे पाणी नागार्जुनसागराकडून शंभराहून अधिक किलोमीटर उचलून आणावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उताराची किंमत कळते.

गंडीपेटच्या काठीच चिलकूरचा बालाजी आहे. आमच्या मराठी मंडळींपैकी परदेशी जाणाऱ्या मुलांच्या आयांनी येथे घातलेल्या प्रदक्षिणांचा हिशेब ठेवला तर वही पुरणार नाही. नवस करताना अकरा आणि तो फिटला म्हणजे एकशे आठ. आम्हीही दर्शन घेतले आणि विजापूरच्या रस्त्याने मोईनाबादकडे वळलो. हा रस्ता त्याच्या दुतर्फा असलेल्या जुन्या वडांसाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही अंगांना टोमॅटो, गाजर, पालेभाज्या आणि फुलांची शेते लागतात, आणि मधूनमधून उंच भिंतींच्या आड बागबंगले दिसतात.

मोईनाबादच्या पुढे एका ओढ्यापाशी आम्ही गाडी थांबवली. शेतात टोमॅटोची तोडणी चालू होती. मालक साठीच्या घरातले, चार एकरांचे धनी. आम्ही तेलुगूत बोलू लागलो, पण आमचे उच्चार ऐकून ते हसून दखनीवर आले. पाण्याचा विषय निघताच त्यांचा चेहरा पालटला. म्हणाले, "साब, पानी शहर पीता, पाबंदी हम पो. ये कैसा इन्साफ?"

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. ८ मार्च १९९६ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही तलावांच्या पूर्ण भरण्याच्या पातळीपासून दहा किलोमीटरांच्या आत दूषित पाणी सोडणारे कारखाने, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना मनाई झाली. ८४ गावे त्यात आली. पुढे एरंडेल तेलापासून रसायने करणाऱ्या एका कारखान्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९९ व २००० सालच्या निकालांत न्यायालयाने असे तत्त्व सांगितले की पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत अपाय झाल्यावर धावण्यापेक्षा आधीच सावध राहिले पाहिजे, आणि अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार कारखाना काढणाऱ्यावर असतो. हिंदुस्थानातील पाण्याच्या कायद्यात हा निकाल पायाभूत मानला जातो. हैदराबादच्या नळाच्या रक्षणार्थ तो झाला, याचा आम्हांस अभिमान असावयास हवा.

परंतु या आदेशाचे दुसरे अंग आम्ही शहरवासी सोयीस्कर विसरतो. ज्यांची जमीन त्या ८४ गावांत होती त्यांच्या शेताला शेजारच्या गावाइतका भाव येईना. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले आजारपण अशा प्रसंगी तुकडा विकून गरज भागवण्याची वाट आखडली. पलीकडे सायबराबादच्या बाजूला जमिनीला सोन्याचे मोल आले, आणि रेघेच्या अलीकडचे तेवढे टोमॅटो पिकवीत राहिले. शहराने त्यांना मोबदला म्हणून काय दिले, असे त्या शेतकऱ्याने विचारले तेव्हा आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने नवा आदेश काढून जुने निर्बंध उठवले आणि पाण्याच्या गुणवत्तेला धक्का लागू नये अशी अट घातली. मे २०२३ मध्ये जुना आदेश समूळ रद्द करण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय जाहीर झाला. शहराला आता कृष्णा आणि गोदावरी यांचे पाणी येते, या दोन तलावांचा वाटा सव्वा टक्क्याहूनही कमी उरला आहे, असे कारण देण्यात आले. आकड्याने ते खरे असेल. पण दूरच्या नद्या आटल्या, वीज गेली, नळ फुटला, तर उताराने येणारे घरचे पाणी हाच आधार उरतो, आणि पूर आला तर अडवणारे हेच दोन तलाव आहेत. म्हणून आमचे मत असे की आदेश असो वा नसो, या शेतांचे शेतपण टिकले पाहिजे, आणि ते टिकवण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडता कामा नये.

येथे कोणी विचारील की शेतीनेही पाणी बिघडतेच ना? बिघडते, आणि ते कसे हे घरोघरी ठाऊक असले पाहिजे. पिकाला दिलेला युरिया पिकाला सारा शोषता येत नाही. उरलेल्याचे नायट्रेट होते व ते पाण्यात विरघळून जमिनीखाली झिरपते. दख्खनच्या खडकात पाणी भेगांतून वाहते, तेव्हा त्याला विहिरीपर्यंत पोहोचायला फार काळ लागत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे असे भारतीय मानक सांगते. त्याहून फार वाढले तर वरच्या दुधावरील तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावे की नायट्रेट तुरटीने बसत नाही, फडक्याने गाळले जात नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते. स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते मातीच्या कणांना चिकटते आणि पावसात माती वाहिली की तिच्यासोबत तलावात जाते. तेथे शेवाळ आणि जलपर्णी माजतात. फवारणीचे औषध आणि ओढ्याकाठच्या उकिरड्याची घाण हेही त्याच वाटेने जातात.

यावर उपाय अवघड नाहीत, आणि काही तर त्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्याच्या रानातच आम्हांस पाहावयास मिळाले. ओढ्याच्या काठाने दहा-बारा हात रुंदीचा गवताचा पट्टा त्यांनी नांगराविना सोडला होता. तो त्यांनी आमच्या पाण्यासाठी नव्हे, आपल्या म्हशींसाठी राखला होता. पण शेतातून वाहणारे पाणी त्या गवतात मंदावते, माती तेथे बसते आणि स्वच्छ पाणी ओढ्यात उतरते. म्हशींना ओढ्यात न सोडता बोअरजवळच्या हौदावर पाणी पाजीत. फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही, असा घरातल्या मुलांना दंडक होता. आम्ही कौतुक केले तेव्हा त्यांनी हात धरून आम्हांला शंभर पावले वर नेले आणि एका बागबंगल्याच्या भिंतीतून बाहेर आलेली नळी दाखवली. तिच्यातून साबणाचे काळपट पाणी ओढ्यात पडत होते. ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती.

चेवेळ्ल्यावरून आम्ही विकाराबादला आणि तेथून अनंतगिरीच्या डोंगरावर गेलो. अनंतपद्मनाभाचे देऊळ झाडीत लपलेले आहे, आणि मुसी येथेच उगम पावते. सुलतान बाजारापासचा तो काळा प्रवाह आठवून या झऱ्याकडे पाहिले की मन विषण्ण होते. एकाच नदीची ही दोन रूपे, आणि मधल्या वाटेत माणसे.

या मधल्या माणसांनी मनावर घेतले तर काय होते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, ऊस आणि केळी वर्ज्य केली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्याचा प्रघात पाडला. त्या अंदाजपत्रकात पहिली नोंद माणसांच्या आणि गुरांच्या पिण्याच्या पाण्याची असते, पिकांचा क्रम नंतर लागतो. आमच्या शेजारच्या महबूबनगर व नलगोंडा यांसह तेव्हाच्या आंध्रातील सात अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत २००३ सालापासून काही वर्षे एक प्रकल्प चालला. त्यात गावोगावच्या शेतकऱ्यांनी, स्त्रियांनीही, स्वतः पर्जन्यमापक वाचले, बोअरची पातळी मोजली आणि रब्बीच्या आधी गावापुढे हिशेब मांडून पीक ठरवले. कोणाचे बोअर बंद करण्याची सक्ती नव्हती. हिशेब दिसला म्हणजे माणूस आपण होऊन भाताकडून भुईमुगाकडे वळतो, असा तेथला अनुभव.

परदेशातही मोठ्या शहरांना हे उमगले आहे. जर्मनीतील म्युनिक शहराचे बहुतेक पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येते. तेथील शेतकऱ्यांनी रासायनिक खते व औषधे सोडावीत म्हणून १९९२ पासून नगरीचे पाणीखाते त्यांना क्षेत्राच्या हिशेबाने पैसे देते. न्यूयॉर्कने १९९७ साली कॅट्सकिल डोंगरातील गावांशी करार केला, आणि गोठे, उकिरडे, ओढ्याकाठची कुंपणे सुधारण्याचा खर्च शहराने उचलला. अवाढव्य शुद्धीकरण केंद्र बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले. गंडीपेटच्या वरच्या शेतकऱ्याला असेच काही का मिळू नये? आमच्या पाणीपट्टीत त्याच्या वाट्याचा एक रुपया असता, तर "ये कैसा इन्साफ" हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे तेलंगणातील शेतकऱ्यांचे झाले, आम्हा मराठी कुटुंबांचा यात संबंध फक्त पिण्यापुरता. पण नकाशा उघडून पाहा. हैदराबादला १९६५ पासून मांजरा नदीचेही पाणी येते. संगारेड्डीजवळच्या ज्या बंधाऱ्यातून ते घेतात तेथे मगरींचे अभयारण्य आहे, आणि त्याच्या वर सिंगूरचे धरण. आणि ही मांजरा उगम पावते ती बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. बीड, धाराशिव, लातूर, मग बीदर असा प्रवास करून ती तेलंगणात शिरते. म्हणजे १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला तरी त्याची नदी निघाली नाही. आमच्या आजोबांच्या शेताचा पाऊस आमच्या नळाकडे वाहतो आहे.

त्या नदीकाठी काय झाले तेही आम्ही पाहिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाऊस कमी झाला हे खरे, पण त्याच खोऱ्यात वर्षानुवर्षे वाढत गेलेला ऊस आणि शेकडो फूट खोल गेलेली बोअर यांनीही आपला वाटा उचलला होता. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला होता. किती गावांत तो पाळला गेला, हे ज्याने त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची थोडीबहुत जमीन अद्याप गावाकडे आहे. कोणाची बटईने दिलेली, कोणाची भावकीने कसलेली. वर्षातून एकदा आपण जातो, धान्याची पोती आणि हिशेब घेऊन परततो. त्या हिशेबात यंदा आणखी चार प्रश्न विचारावेत. पिण्याच्या आडाजवळ उकिरडा तर नाही ना? असल्यास तो उताराच्या खालच्या अंगाला हलवावा. युरिया एकदाच भरभरून टाकतात की माती तपासून दोन-तीन हप्त्यांत देतात? औषधाचे रिकामे डबे कोठे जातात? ते ओढ्यात अथवा विहिरीवर जाऊ नयेत, आणि निंबोळी अर्काने भागत असेल तेथे विषारी औषध घेऊच नये. बांध उताराला आडवे आहेत का, आणि ओढ्याच्या काठाने गवताचा पट्टा सोडता येईल का? पट्टा सोडल्याने चार तासांचे रान कमी होणार असेल तर बटईदाराच्या वाट्यातून ते कापू नये, मालकाने आपल्या वाट्यातून सोडावे. म्युनिक शहर जे करते ते आपल्या दोन एकरांपुरते आपल्यालाही करता येते.

परतताना संध्याकाळ झाली. गंडीपेटच्या पाण्यावर सूर्य टेकला होता. मोईनाबादच्या त्या शेतकऱ्याने निघताना एक पाटीभर टोमॅटो आमच्या गाडीत ठेवले होते आणि पैसे घेण्याचे साफ नाकारले होते. सुलतान बाजारात शिरलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते आणि घरोघर संध्याकाळचे नळ आले होते. टोमॅटो धुण्यासाठी नळ सोडला आणि हात थांबला. ज्या शेतात ते पिकले, बहुधा त्याच ओढ्याचे पाणी त्यांच्यावर पडत होते. त्या माणसाच्या प्रश्नाला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. दिवाळीला गावी जाऊ तेव्हा आपल्या आडापाशी उभे राहून निदान आपल्यापुरते उत्तर द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. वाचकांनीही तसे करावे आणि काय आढळले ते आम्हांस कळवावे.